होडीतला दुसरा माणूस

फ्लेव्हियनने होडी सोडली ती दिवाळीच्या तोंडावर, आणि धड सांगूनही सोडली नाही. कोलशेतच्या एका तीस मजली टॉवरमध्ये त्याला वॉचमनची नोकरी लागली. निळा शर्ट, शिट्टी आणि बसायला खुर्ची. एक दिवस तो भरतीच्या वेळेला आलाच नाही. टोनी गुडघाभर चिखलात उभा राहून तासभर पुतण्याची वाट बघत राहिला आणि मग कोरडं जाळं खांद्यावर टाकून घरी आला.

गाव खाडीला अगदी चिकटून. समोर तिवरांचं रान, पाठीमागे टॉवर, आणि मधे दाटीवाटीने पन्नासेक घरं. निम्मी कोळ्यांची, निम्मी टोनीसारख्या किरिस्तावांची. भातशेती बिल्डरकडे गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. उरली ती खाडी, आणि खाडीतल्या खुंटांच्या जागा. पाण्यात रोवलेले दोन लाकडी खुंट, त्यांच्या मधे पिशवीसारखं जाळं बांधायचं, की पाण्याच्या ओढीने मासळी आपसूक आत शिरते. टोनीची जागा त्याच्या पणज्यापासूनची, ऐन प्रवाहातली. पण गावकीचा नियम कडक होता. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण. अशी लागोपाठ दोन उधाणं जाळं लागलं नाही, तर जागा दुसऱ्या घराची. आणि होडीत माणसं घरचीच हवीत. बाहेरचा मजूर ठेवला की जागा गेलीच म्हणून समजा. एक उधाण तर फ्लेव्हियनच्या शिट्टीबरोबर वाहून गेलं होतं.

"काळुराम काल आपल्या खुंटांना हात लावून गेला," टोनी जेवताना म्हणाला. "कुजलेत काय बघत व्हता. मी मेलोय काय रं?"

"त्याला तीन पोरं हायत," सुझाना म्हणाली. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच. "तो बघणारच. तुमी फ्लेव्हियनला जरा गोड बोला."

"मी? त्याला?" टोनीने ताट पुढे ढकललं. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण दंड अजून वल्ह्यासारखे होते आणि रागही तसाच.

ओट्यावर त्यांचा लेक क्लिफर्ड फाटकं जाळं सांधत बसला होता. हे त्याचं काम. गावातल्या सगळ्यांची जाळी त्याच्याकडे यायची, कारण त्याची गाठ सुटत नसे आणि तो नेहमी घरीच असे.

"मी येतो होडीवर," तो म्हणाला.

सुझानाने तव्यावरची भाकरी उलटली, टोनी पाणी प्यायला. क्लिफर्डच्या बोलण्यावर या घरात असंच व्हायचं. ते ऐकू यायचं, पण कानात शिरायचं नाही.

त्याला पहिली फिट आली ती नवव्या वर्षी, शाळेच्या मैदानात, झेंड्याला सलाम करताना. शुद्धीवर आला तेव्हा नाकाला कोणाची तरी चामड्याची चप्पल, मुठीत किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात पोलादी चमचा. त्या चमच्याने पुढचा दात तुटला तो तुटलाच. मग सुरू झाली वरात. टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका भगताने कानशिलावर तापल्या सळईचा डाग दिला. पाद्रीबाबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सुझाना नऊ शुक्रवार अनवाणी चालली. कोणी कांदा हुंगवायला सांगितला, कोणी कासवाचं रक्त, कोणी म्हणालं पोराला खाडीतल्या बाईनं धरलंय, पाणी दाखवू नका. गोळ्या सुरू झाल्या बाराव्या वर्षी, आणि त्या नीट लागू पडायला आणखी अकरा वर्षं गेली. पण लागू पडल्या. तेविसाव्या वर्षानंतर त्याला फिट आली नव्हती. आता तो चौतीस वर्षांचा होता.

घराच्या लेखी मात्र तो नऊ वर्षांचाच राहिला. चुलीजवळ बसायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही, सायकल तर नाहीच. त्याचं पाणी प्यायचं भांडं वेगळं, कारण थुंकीतून लागतं असं कोणीतरी पंचवीस सालांपूर्वी सांगितलेलं. विठ्ठलवाडीची क्रिस्टल नावाची मुलगी त्याला बघून गेली होती आणि हसलीही होती. कोणीतरी फोन करून 'त्याचं ते' सांगितलं आणि संपलं. सगळ्यात वाईट म्हणजे न्हाणी. न्हाणीला आतून कडी लावायची नाही. दार अर्धवट लोटून तो अंगावर पाणी घ्यायचा आणि दर दोन मिनिटांनी सुझाना बाहेरून विचारायची, "क्लिफर्ड?" त्याने "हां" म्हणायचं. दाढी पांढरी व्हायला लागलेल्या माणसाने साबणाच्या फेसातून हां म्हणायचं. त्याला लाज वाटायची, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

"डॉक्टर मॅडमनी सांगितलंय मला," तो त्या दिवशी पुन्हा म्हणाला, आणि या खेपेला जाळं बाजूला ठेवून म्हणाला. "गणपतीच्या आधी गेलेलो तेव्हा. अकरा वर्षं काय नाय, याला घरात बसवून ठेवू नका, काम करू द्या. आय होती तिथं."

टोनीने बायकोकडे बघितलं. "काय गं?"

"पाण्यात एकट्यानं जायचं नाय असंबी सांगितलंय," सुझाना म्हणाली.

"एकटा कुठं? बाबा असंल ना."

"मना का नाय सांगितलंस?" टोनीने विचारलं.

सुझानाने पिठाचे हात झटकले. "काय सांगू? पंचवीस वर्षं उशाशी बसलेय मी त्याच्या. मॅडमला येऊन सहा महिने झालेत."

गावकीचा म्होरक्या धाकू नाखवा. संध्याकाळी टोनी लेकाला घेऊन त्याच्या पडवीत गेला. काळुराम तिथे आधीच ठाण मांडून बसलेला.

"घरचा माणूस पायजे, असा नियम हाय ना? हा घरचा," टोनी म्हणाला.

धाकूने क्लिफर्डला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात बैल बघतात तसं. "होडीत आली तर?"

"अकरा वर्षं नाय आली, नाखवा," क्लिफर्ड म्हणाला.

"तुला नाय विचारत. टोनी, होडीत आली तर?"

"माजा पोर, माजी होडी. मी बघीन."

"कागदावर लिवून दे मना डॉक्टरचं," काळुराम मधेच म्हणाला, "की कदी येनार नाय. देईल काय डॉक्टर?"

"तुझ्या पोरांचा देईल काय?" टोनी उसळला, आणि धाकू हसला, म्हणून ते निभावलं. धाकूने मग निकाल दिला. क्लिफर्डने होडीवर जावं. पण एकदा, फक्त एकदा जरी आली, तरी परत होडीत पाय ठेवायचा नाही. टोनीने दुसरा घरचा माणूस आणावा, नाहीतर जागा सोडावी.

घरी येताना टोनी चार पावलं पुढे चालत होता. क्रुसाजवळ थांबून त्याने नेहमीप्रमाणे छातीवर खूण केली आणि मागे न बघता म्हणाला, "सकाळी लवकर जेव."

पहिल्या दिवशी टोनीने लेकाच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक होडीच्या आडव्या फळीला. शेळी बांधतात तसा. धक्क्यावर निवटी मासे निवडत बसलेल्या बायका बघत होत्या. क्लिफर्डने मान खाली घातली, पण होडी सुटली आणि पाणी खालून हललं तेव्हा त्याने ती वर उचलली. तो सुखावला. चौतीस वर्षं तो ही खाडी ओट्यावरून बघत होता.

काम मात्र कंबर मोडणारं. ओहोटीला पाण्याची ओढ अशी की वल्हं हातातून निसटू बघतं. खुंटाशी होडी लावून धरायची, टोनी जाळ्याची दोरी खुंटाला बांधणार. मग पाणी वळायची वाट बघायची, उन्हात, काळ्या चिखलाच्या आणि वरच्या नाल्यातून येणाऱ्या साबणपाण्याच्या वासात. मग जाळं ओढायचं. जाळ्यात कोलंबी, बोय, एखादी चिंबोरी, आणि त्याच्या तिप्पट प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या, चपला, एकदा तर गणपतीचा हात. पहिल्या दिवशी क्लिफर्डचे तळवे सोलपटले. दुसऱ्या दिवशी फोड फुटले आणि खारं पाणी लागून तो ओरडला. टोनीने वल्हं त्याच्या हातून घेतलं नाही.

"मूत त्याच्यावर," तो म्हणाला. "मीबी तेच केलेला."

बाप आपल्याशी असं बोलला याचाच क्लिफर्डला किती आनंद झाला! तिसऱ्या दिवसापासून त्याचं अंग कामाला सरावलं. खुंटाशी होडी कशी तिरकी आणायची, हे त्याला जाळं सांधता सांधताच कळलं असावं. गाठी तर तो बापापेक्षा लवकर मारायचा. चौथ्या दिवशी टोनीने दोर बांधला, पण सैल. रात्री क्लिफर्ड ठरल्या वेळी गोळी घ्यायचा आणि मेल्यासारखा झोपायचा.

आणि धक्क्यावर एक गंमत झाली. टॉवरमधली एक बाई मासळी घ्यायला आली होती. काळुरामच्या बायकोने टोपलीवरून मान न उचलता सांगितलं, "कोलंबी क्लिफर्डकडं बघा." टोनीचा आजारी पोरगा नाही, सुझानाचं ते दुखणं नाही. क्लिफर्डकडं. त्याने कोलंबी दिली, हात धुतले, परत धुतले, आणि घरी जाऊन न्हाणीत शिरल्यावर आतून कडी लावली. सुझानाने बाहेरून हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही. तिने दार ढकललं, ते उघडलं नाही. बराच वेळ ती दाराशी उभी होती. पाणी पडल्याचा आवाज ऐकत होती. मग निघून गेली.

पाचवा दिवस उधाणाचा शेवटचा. दुपारचं ऊन असं की होडीच्या फळीला हात लावायची सोय नव्हती. टोनी सकाळपासून गप्प होता. डोकं जड आहे म्हणाला, आणि चहासुद्धा अर्धा टाकला. जाळं भरून आलं होतं. दोघे मिळून ओढत होते.

"बाबा, थोडा तुझ्याकडं," क्लिफर्ड म्हणाला.

टोनीने ओढलं नाही. त्याने जाळं सोडलं होतं आणि तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. हात आपोआप उडत होता, कोणी दुसऱ्याचाच असल्यासारखा. मग त्याची मान हळूहळू डावीकडे वळली, वळतच गेली, तोंडातून एक घोगरा आवाज निघाला आणि सहासष्ट वर्षांचं ते धूड होडीत आडवं कोसळलं. होडी एवढी कलंडली की पाणी आत आलं.

क्लिफर्डने आयुष्यात फिट बघितली नव्हती. त्याला शंभर-दीडशे आल्या असतील, पण त्या येताना तो तिथे कधी नसायचाच. आता तो बघत होता. दातखीळ बसलेली, डोळे पांढरे, ओठांवर फेस, टाचा फळीवर धाडधाड आपटतायत. म्हणजे हे असं. लोक लांब पळायचे, आय रडायची, ते हे. त्याला एका क्षणात सगळ्या गावाची दया आली आणि आपलीही, आणि मग तो हलला. कमरेचा दोर आड येत होता. गाठ त्याने दाताने सोडवली. बापाला कुशीवर वळवलं. तोंडात काही घातलं नाही. डोक्याखाली स्वतःचा शर्ट काढून ठेवला आणि दोन्ही गुडघ्यांत बापाचं अंग धरून बसला, पाण्यात जाऊ नये म्हणून. दवाखान्याच्या भिंतीवर हे चित्रांत काढून लावलेलं होतं. बावीस वर्षांत ते त्याला पाठ झालं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या कामाला ते कधीच आलं नव्हतं.

तो मोठमोठ्याने रडत होता. धक्का लांब होता, पण इतका लांब नव्हता. एक माणूस होडीत आपटतोय आणि दुसरा त्याला धरून बसलाय, एवढं तिथून दिसलं.

टोनीचं अंग सैल पडलं. घोरल्यासारखा श्वास चालू झाला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. डोळ्यांत कोणी नव्हतं.

"बाबा?"

"जाळं..." टोनी म्हणाला. "पडलास काय तू?"

"मी नाय. तुला फिट आली, बाबा."

टोनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग पुन्हा डोळे मिटले. क्लिफर्डने जाळं तसंच खुंटाला सोडलं आणि वल्हं मारत होडी धक्क्याला आणली, एकट्याने, ओढीच्या उलट. असं वल्हं त्या गावात गेल्या दहा वर्षांत कोणी मारलं नव्हतं. कोणी बघितलंही नाही, कारण सगळे दुसरंच बघत होते.

होडी टेकायच्या आत काळुराम आणि त्याचे दोन पोरगे कमरेइतक्या पाण्यात आले आणि त्यांनी धरलं ते क्लिफर्डला. उघडा, चिखलाने भरलेला, रडून डोळे लाल झालेला. त्याला उचलून धक्क्यावर पालथं टाकलं.

"मला नाय! बाबाला बघा! बाबाला आली!"

"धर, धर. अजून उतरली नाय," काळुराम म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. तो खरोखर मदत करत होता. "हातपाय धरा."

क्लिफर्ड सुटायला बघू लागला तसे आणखी दोघे त्याच्या पायांवर बसले. तो जितका ओरडला तितके ते घट्ट धरत गेले. कोणीतरी किल्ली त्याच्या मुठीत कोंबली. सुझाना धावत आली, तिने पायातली चप्पल काढली आणि लेकाच्या नाकाला लावली. चपलेला मासळीचा आणि तिच्या पायाचा वास होता. हा वास त्याला नवव्या वर्षापासून माहीत होता. त्याने ओरडायचं थांबवलं.

"बघ, उतरली," कोणीतरी म्हणालं.

धाकू नाखवा टोनीजवळ उकिडवा बसला होता. टोनी दगडावर टेकून, खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून बसलेला. "टोनी, पोराला आली काय?"

टोनीने गर्दीकडे बघितलं, जमिनीवर दाबून धरलेल्या लेकाकडे बघितलं. त्याला काही आठवत नव्हतं. त्या घरात फिट एकालाच येत असे. "हां," तो म्हणाला. "पडला वाटतं. मनाबी लागलं कुठंतरी."

घरी सुझानाने नवऱ्याचा टॉवेल धुवायला घेतला आणि मोरीत तशीच थांबली. टॉवेलला रक्त होतं. तिने टोनीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जिभेची डावी कड दाताखाली येऊन चिरली होती. अशी जीभ तिने किती वेळा बघितली होती, ते तिला कोणी शिकवायला नको होतं. त्या दिवशी तिने नवऱ्यासाठी पेज केली, मीठ कमी आणि मिरची अजिबात नाही, आणि ती गार करून दिली. टोनी मान खाली घालून ती पेज प्यायला. पेज का, हे त्याने विचारलं नाही, आणि ह्यातच क्लिफर्डला कळलं की आता बापालाही कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी टोनी खुंटावरचं जाळं आणायला काळुरामच्या होडीतून गेला, तेव्हा क्लिफर्डने आईला समोर बसवलं. डावा हात आधी कसा उडाला, मान कशी वळली, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"माहीत हाय मना," ती म्हणाली.

"मग सांग ना नाखवांना."

"काय सांगू? टोनीला फिटी येतात? मग होडी गेली, जागा गेली. काळुराम आजच खुंट उपटंल."

"आणि माझं?"

तिने सूप खाली ठेवलं. "तुजं काय, बाळा? तुला नाव लागलंय ते लागलंय. एक जास्त आली काय, कमी आली काय. त्याला या वयात लागलं तर तो घरात बसंल आणि सहा महिन्यांत मरंल. तुला बसायची सवय हाय."

तिने हे अगदी मायेने म्हटलं. लेकाच्या सोललेल्या तळव्यांना ती तेव्हा खोबरेल लावत होती. क्लिफर्डला वाटलं, हात ओढून घ्यावा, उठून धक्क्यावर जावं आणि ओरडून सांगावं. पण धक्क्यावर ओरडल्याचं काय होतं ते त्याने कालच बघितलं होतं.

"आणि परत आली म्हणजे? पाण्यात?"

"त्याचंबी बघितलंय मी." तिने आवाज खाली आणला. "अमावास्येच्या गुरुवारी तुला मॅडमकडं नेते. अकरा वर्षांनी आली म्हटल्यावर ती गोळी वाढवून देनारच. वाढलेली गोळी त्याच्या पेजेत. कोनाला कळायचं नाय, त्यालाबी नाय. फ्लेव्हियनच्या हातापाया पडून आलेय मी. उधाणाला सुट्टी काढतो म्हनालाय."

किती पक्कं रचलं होतं तिने एका रात्रीत! त्याला आईचा राग आला, आणि तिची कीवही आली. बापाला गोळी तरी मिळेल, असा विचार करून तो "बरं" म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणत आला होता. त्या दुपारी त्याने न्हाणीचं दार अर्धवट लोटूनच अंघोळ केली, आणि सुझानाने हाक मारल्यावर हां म्हणाला.

ठाण्यातला तो ट्रस्टचा दवाखाना गुरुवारी गच्च भरलेला असे. अडीच तासांनी त्यांचा नंबर लागला. प्रीती मॅडम वयाने क्लिफर्डहून लहान होत्या. त्यांनी फाईल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, काय झालं? इतकं छान चाललं होतं. गोळ्या चुकवल्या का?"

"नाय," सुझाना म्हणाली. बावीस वर्षं दवाखान्यात तीच बोलायची. "होडीवर गेलेला. ऊन लागलं."

"नेमकी कशी आली? कोणी बघितली?"

"याच्या बापानं. आधी डावा हात उडाला म्हनं. मग मान डावीकडं वळली, मग पडला."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी फाईलची मागची पानं चाळली, पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. "डावा हात आधी? पण याच्या फिट अशा कधीच नव्हत्या. याला दोन्ही बाजूंना एकदम यायची." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, आई, ही फिट वेगळी आहे. एकाच बाजूने सुरू झाली म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागात नवीन काहीतरी झालेलं असू शकतं. गाठ असेल, रक्तस्राव असेल. मी लगेच घाबरवत नाही, पण नुसती गोळी वाढवून भागणार नाही. डोक्याचा एमआरआय काढायला हवा, ह्याच आठवड्यात. आणि तोपर्यंत पाण्याजवळ अजिबात नाही."

खोलीत पंखा फिरत होता. सुझानाच्या मांडीवरच्या पिशवीची मूठ तिच्या हातात पिळवटली गेली. क्लिफर्डने घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. आज अमावास्येचं उधाण होतं, आणि ह्या वेळी टोनी आणि फ्लेव्हियन खुंटाशी असतील. फ्लेव्हियन मोबाईल बघत बसलेला असेल आणि टोनी उन्हात वाकून जाळं ओढत असेल.

"मॅडम," तो म्हणाला, "ती मला नाय आली."

"काय?"

"फिट मला नाय आली. माझ्या बाबाला आली. मी होतो होडीत, मी बघितली. डावा हात त्यांचा उडाला. त्यांची जीभ चावली गेलेली. डोक्याचा फोटो त्यांचा काढायला पायजे. ते आत्ता पाण्यात आहेत, मॅडम."

तो एका दमात बोलला. दवाखान्यात तो इतकं पहिल्यांदाच बोलला होता. मॅडम त्याच्याकडे नीट बघत होत्या, ऐकत होत्या. मग त्यांनी सुझानाकडे बघितलं. सुझानाचे ओठ पांढरे पडले होते. गाठ हा शब्द तिनेही ऐकला होता. तिचा हात आपोआप लेकाच्या पाठीवर गेला आणि थोपटू लागला.

"मॅडम, फिट येऊन गेली की त्याला काय आठवत नाय," ती म्हणाली. तिने हे ठरवून म्हटलं की नुसतं सवयीने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मिटला. "बरोबर आहे. पेशंटला आठवत नसतं." त्या थोड्या पुढे वाकल्या आणि लहान मुलाशी बोलतात तसं, सावकाश, जरा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "क्लिफर्ड, असं होतं हं. फिटीनंतर डोकं गोंधळतं. भलतंच काहीतरी बघितल्यासारखं वाटतं. घाबरायचं नाही."

"आय," क्लिफर्ड म्हणाला. "आय, सांग ना."

सुझाना त्याची पाठ थोपटत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मॅडमना ते साहजिकच वाटलं.

त्यांनी खणातून एमआरआयचा छापील कागद काढला, त्यावर क्लिफर्ड टोनी परेरा असं नाव लिहिलं, वय चौतीस लिहिलं, खाली सही केली आणि तो कागद सुझानाच्या हातात दिला.